शस्त्र ठेवल्यानंतरचे तत्त्वज्ञान

जयपूरच्या जुन्या तटाबाहेर, दिवाण सर मिर्झा इस्माइल यांच्या १९४२ ते १९४६ या कारभारात जी नवी वसाहत आखली गेली आणि जिला इंग्रजी वर्णमालेतील तिसरे अक्षर एवढेच नाव लोकव्यवहारात कायमचे चिकटले, त्या सी-स्कीममध्ये आज बँका, दवाखाने आणि वकिलांच्या कचेऱ्या यांच्या डोक्यावरच्या मजल्यांत मन आणि शरीर यांचा मेळ घालून देण्याचा व्यवसाय मोठ्या तेजीत चालला आहे. एका जिन्यावर योगाची पाटी, दुसऱ्यावर कराटेची, तिसऱ्यावर तायक्वांदोची. आणि पहाटे सेंट्रल पार्कच्या हिरवळीवर प्राणायामाला बसलेल्या प्रौढ मंडळींची रांग वेगळीच. अहिंसा सर्कल असे सात्त्विक नाव मिरवणाऱ्या चौकापासून हाकेच्या अंतरावर मुलांना लाथाबुक्क्यांचे पद्धतशीर शिक्षण मिळावे, यात कोणाला विसंगती वाटत नाही. कारण तेथला प्रत्येक शिक्षक पहिल्याच दिवशी पालकांना सांगतो की ही विद्या मारामारीसाठी नसून मनाच्या संयमासाठी आहे. त्यानंतर तो जी दुसरी गोष्ट सांगतो, तिच्याविषयी मात्र दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. ती गोष्ट अशी की, कांचीपुरमचा एक राजपुत्र, बोधिधर्म नावाचा भिक्षू, समुद्रमार्गे चीनला गेला, शाओलिन मठात नऊ वर्षे भिंतीकडे तोंड करून बसला, तेथील दुबळ्या भिक्षूंना त्याने व्यायाम शिकवला, आणि त्या व्यायामातून चीनची, चीनमधून ओकिनावाची आणि ओकिनावातून जपानची युद्धविद्या जन्मास आली. सारांश, सारे मूळचे आपलेच. शेजारच्या जिन्यावरच्या योगशिक्षकाचा दावा याहून सोपा असतो. तो पाच हजार वर्षे हा आकडा उच्चारतो आणि थांबतो.

स्वदेशाभिमान ही काही तुच्छ वस्तू नव्हे, आणि आपल्या पूर्वजांनी जगाला पुष्कळ दिले हेही खरे. परंतु अभिमानाची सनद खोट्या दस्तऐवजावर लिहिली गेली असेल, तर तिच्यापायी खऱ्या पूर्वजांचे वतन बुडते, आणि या प्रकरणात नेमके तेच घडले आहे, असे माझे मत आहे.

प्रथम बोधिधर्माचा दस्तऐवज पाहू. त्याचा सर्वांत जुना उल्लेख ५४७च्या सुमारास लिहिलेल्या लोयांग नगरीच्या बौद्ध मठांच्या वर्णनात येतो, आणि गंमत अशी की तेथे तो कांचीचा राजपुत्र नसून एका उत्तुंग स्तूपाकडे पाहून थक्क होणारा पारशी मुलखातला वृद्ध भिक्षू आहे. व्यायामाचा वा मुष्टियुद्धाचा तेथे शब्दही नाही. त्याला दक्षिण भारताचा रहिवासी ठरवणाऱ्या कथा नंतरच्या, आणि त्याच्या नावावर शरीरसाधना चढवणारा ‘यीजिन जिंग’ हा स्नायुसंवर्धनाचा ग्रंथ तर १६२४चा, म्हणजे ज्याच्या नावावर तो खपवला गेला त्या भिक्षूनंतर हजार वर्षांहून अधिक काळाने रचलेला. त्या ग्रंथाला सातव्या आणि बाराव्या शतकांतील दोन सेनापतींच्या म्हणून ज्या प्रस्तावना जोडल्या आहेत, त्यांपैकी एकीत एका लोकप्रिय कथेतले काल्पनिक पात्र खऱ्या इतिहासपुरुषाप्रमाणे वावरते. ही बनावट पुढे चिनी पंडितांनीच उघडकीस आणली, आणि १९३०मध्ये तांग हाओ या संशोधकाने शाओलिनच्या बोधिधर्माची आणि ताय चीच्या झांग सानफेंग नामक सिद्धाची अशा दोन्ही दंतकथांची रीतसर झडती घेऊन त्या निकालात काढल्या. चिनी माणसाने आपल्या घरच्या दंतकथेची अशी निर्मम चौकशी करावी, आणि आपण ती शंभर वर्षांनंतरही गावजत्रेतल्या तसबिरीप्रमाणे भिंतीवर लावून ठेवावी, हे काही फारसे भूषणावह नाही.

यातला खरा उपरोध आणखी एका गोष्टीत आहे. शाओलिन मठ पाचव्या शतकाच्या अखेरीस वेई वंशाच्या सम्राटाने ज्याच्यासाठी बांधला, तो बातुओ या चिनी नावाने ओळखला जाणारा भिक्षू खरोखरच भारतीय होता. ध्यानाचा आचार्य होता. आणि त्याचा पुरावाही बरा आहे. परंतु त्याने कोणाला ठोसा मारायला शिकवल्याची आख्यायिका नसल्यामुळे सी-स्कीमच्या कुठल्याही भिंतीवर त्याला जागा मिळालेली नाही.

मग शाओलिनच्या भिक्षूंच्या हाती शस्त्र आले कसे? मठाच्या आवारातील ७२८चा शिलालेख याविषयी बराच बोलका आहे. ६२१मध्ये तांग वंशाच्या ली शिमिन या राजपुत्राचे वांग शिचोंग या प्रतिस्पर्ध्याशी राज्यासाठी युद्ध चालू असता शाओलिनच्या भिक्षूंनी राजपुत्राची बाजू घेतली, शत्रूच्या पुतण्यास पकडून त्याच्या हवाली केले, आणि त्याबद्दल मठास शेतजमीन व पाणचक्की इनाम मिळाली; त्या पराक्रमात ज्यांचा भाग होता अशा १३ भिक्षूंची नावेही शिलालेखात नमूद आहेत. इनामाचे कागद सांभाळण्याची कोकणी किंवा देशावरची सवय ज्यांना आहे, त्यांना हा लेख वाचताना परकेपणा वाटणार नाही. जमीन होती म्हणून राखणदार हवे होते; राखणदार होते म्हणून राजाला त्यांचा उपयोग झाला; उपयोग झाला म्हणून आणखी जमीन मिळाली. या चक्रात ध्यानाचा संबंध येत नाही असे नव्हे, पण ते त्या चक्राचा आस नाही.

आता या चक्राची दुसरी प्रत पाहण्यासाठी हेनान प्रांतापर्यंत जाण्याचे कारण नाही. सी-स्कीममधून रिक्षा करून गलत्याच्या घाटीपर्यंत गेले तरी पुरे. जयपूरच्या पूर्वेस डोंगरांच्या बेचक्यात वसलेले हे तीर्थ पूर्वी नाथ जोग्यांचे स्थान होते. सोळाव्या शतकात केवळ दुधावर राहणारे म्हणून पयहारी म्हणवले गेलेले रामानंदी साधू कृष्णदास यांनी ते आपल्या संप्रदायाकडे आणले, आणि आख्यायिका सांगते की त्यासाठी त्यांनी जोग्यांच्या महंताला योगबळाने गाढव बनवले. आख्यायिकेतले गाढव सोडून दिले तरी दोन संप्रदायांत जागेसाठी तंटा झाला एवढे उरतेच. साधूंचे असे तंटे नुसत्या शापांवर मिटत नसत. १५६७मध्ये ठाणेसरच्या कुंडावर यात्रेकरूंच्या दक्षिणेच्या जागेवरून संन्याशांच्या दोन टोळ्या अकबर बादशहाच्या डोळ्यांदेखत तलवारींनी भिडल्या, आणि बादशहाने दुबळ्या पक्षाला आपली माणसे दिली, हा प्रसंग अबुल फझलने ‘अकबरनाम्या’त लिहून ठेवला आणि दरबारच्या चितारांनी त्याचे चित्रही काढले. पुढे रामानंदी वैरागी ‘अनी’ म्हणवणाऱ्या लष्करी दलांत संघटित झाले. त्या संघटनेचे श्रेय परंपरा ज्यांना देते त्या बालानंदांचा मठ जयपूर शहरातच आहे.

अशा या सशस्त्र साधूंशी सवाई जयसिंगाने जो व्यवहार केला, तो आजच्या आपल्या विषयाच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. १७२७मध्ये हे शहर वसवणारा, वेधशाळा उभारणारा, यज्ञयाग करणारा हा राजा धर्माच्या बाबतीत मोठा कायदेपंडित होता. त्याचे गुरू रत्नाकर पुंडरीक हे महाराष्ट्रीय ब्राह्मण, त्यांची हवेली आजही ब्रह्मपुरी भागात दाखवतात, आणि ‘जयसिंहकल्पद्रुम’ हा धर्मशास्त्राचा जाडजूड ग्रंथ त्यांनी १७१३मध्ये याच राजाच्या आश्रयाने रचला. (मराठी माणसाने जयपूरवर स्वारी करून खंडणी वसूल केली एवढेच आपल्या पाठ्यपुस्तकांतून ध्यानात राहते, ग्रंथ घेऊनही आपली माणसे तेथे गेली होती, हे जाता जाता नोंदवावे.) तर या जयसिंगाने वैष्णव महंतांकडून मुचलके लिहून घेतले की, आम्ही शस्त्र बाळगणार नाही, बाळगणाऱ्यांशी व्यवहार ठेवणार नाही, आणि वचनभंग झाल्यास सरकारात दंड भरू. साधूने शस्त्र धरणे हे राजाच्या दृष्टीने धर्माला सोडून होतेच. पण त्याहीपेक्षा, जेथे एकच हुकूमत चालावी तेथे दुसरी फौज असू नये, ही त्यातली खरी मख्खी होती. काळाचा विनोद असा की, जयसिंगामागे राज्य दुबळे झाले, मराठ्यांच्या स्वाऱ्या वाढल्या, आणि त्याच जयपूर दरबाराने दादूपंथी नागा साधूंची पथके पगारी चाकरीस ठेवली. निर्गुणाची भक्ती आणि दयाधर्म यांचा उपदेश करणाऱ्या दादू दयाळांच्या पंथातले हे नागा एकोणिसाव्या शतकातही जयपूर संस्थानच्या शिबंदीत होते.

अशा साधु-शिपायांशी मराठ्यांचाही चांगलाच परिचय होता. अनूपगिरी उर्फ हिंमतबहादूर या गोसावी सरदाराने महादजी शिंद्यांची चाकरी पत्करली होती. १७८९मध्ये महादजींना असह्य गळवांचे दुखणे झाले तेव्हा या गोसाव्याने आपल्यावर जादूटोणा केला असा त्यांचा ग्रह झाला, आणि हिंमतबहादुराला पळून मराठा सरदार अलीबहादुराच्या छावणीत आश्रय घ्यावा लागला. उत्तर हिंदुस्थानचा कारभार हाकणाऱ्या त्या मुत्सद्द्याच्या मनातही गोसाव्याच्या तलवारीपेक्षा त्याच्या मंत्राची धास्ती अधिक होती, ही बाब लहान नाही. शस्त्रधारी साधूच्या बाजारभावात त्याच्या गूढ सामर्थ्याची ही अफवाही मोजली जात असे. आणि अफवा पसरू देणे हे त्याच्या हिताचे होते. आजच्या जाहिरातीचे मूळ शोधायचेच असेल, तर ते येथे सापडेल.

इतके सांगितल्यावर वाचक विचारील की, मग या विद्यांतले तत्त्वज्ञान ही निव्वळ दांभिकता समजायची काय? मुळीच नाही. माझे म्हणणे एवढेच की ते उगमापाशी नव्हते. ते वाटेत, आणि बहुधा शस्त्राला उसंत मिळाली त्या टप्प्यावर, येऊन मिळाले. जपानात तोकुगावा घराण्याने सतराव्या शतकाच्या आरंभी दीर्घ यादवी संपवली. लढाया थांबल्या, पण लढवय्ये उरले. अशा वेळी ताकुआन नावाच्या झेन भिक्षूने शोगुनच्या तलवारबाजीच्या गुरूला, यागयू मुनेनोरीला, जो उपदेश लिहून पाठवला, त्याचा आशय असा आहे की, मन प्रतिस्पर्ध्याच्या तलवारीवर अडले तर तुम्ही मेलात, स्वतःच्या तलवारीवर अडले तरीही मेलात. ते कोठेच अडता कामा नये. मियामोतो मुसाशीने आपला प्रसिद्ध ग्रंथ १६४५मध्ये गुहेत बसून संपवला, तो म्हातारपणी, द्वंद्वयुद्धांचे दिवस मागे पडल्यावर. चीनमध्येही मुष्टियुद्ध, श्वासाची साधना आणि ताओमतातील आरोग्यविचार यांचा संगम सोळाव्या-सतराव्या शतकांतला. त्याच काळात ‘यीजिन जिंग’सारखे ग्रंथ अवतरले. त्यातली बोधिधर्माची मोहोर खोटी असली तरी आतला प्रयोग खोटा नव्हता: शरीर बळकट करण्याचा मार्ग आणि चित्त शांत करण्याचा मार्ग एकच असू शकतो, ही त्या अज्ञात लेखकाची खरी जिज्ञासा होती, आणि तिच्याबद्दल त्याला मान दिलाच पाहिजे.

आपल्याकडे हीच जिज्ञासा दुसऱ्या बाजूने निघाली. प्राण चंचल असेल तर चित्त चंचल होते आणि प्राण स्थिरावला की चित्त स्थिरावते, हा स्वात्मारामाच्या ‘हठप्रदीपिके’चा पायाच होय, पंधराव्या शतकातल्या त्या ग्रंथात आसने आहेत अवघी १५, आणि त्यांतील बरीचशी बसून करावयाची. पुढे आसनांची संख्या वाढत गेली. जयतराम या रामानंदी साधकाने १७३७मध्ये व्रजभाषेत लिहिलेल्या ‘जोगप्रदीपके’त ८४ आसनांचे वर्णन आहे. म्हणजे ज्या पिढीत एक राजा रामानंद्यांकडून शस्त्रत्यागाचे मुचलके लिहून घेत होता, त्याच पिढीत त्याच संप्रदायाचा एक साधक देहाच्या स्थितींची मोजदाद करीत होता. या दोहोंत कार्यकारणभाव आहे असे विधान मी करणार नाही. तेवढा पुरावा नाही. पण शस्त्र खाली ठेवलेल्या हातांना दुसरे काही काम लागते, एवढे अनुमान करायला हरकत नसावी.

हे अनुमान खरे ठरवणारा काळ मात्र दीडशे वर्षांनी आला, आणि तो साऱ्या आशियात जवळजवळ एकदमच आला. १८७६मध्ये जपानच्या मेइजी सरकारने सामुराईंना तलवार बाळगण्याची बंदी केली. १८७८मध्ये इंग्रजांनी हिंदुस्थानात हत्यारांचा कायदा केला. १९०० साली मंत्राने गोळी अडवता येते अशा श्रद्धेने उठलेल्या चीनच्या मुष्टियोद्ध्यांचा परकीय फौजांनी चक्काचूर केला. यानंतर काय घडले ते पाहा. १८८२मध्ये कानो जिगोरो या तरुण शिक्षकाने तोक्योतील एका बौद्ध देवळात बारा चटयांच्या जागेत ज्यूदोची शाळा काढली, जुन्या कुस्तीतील घातक डाव वगळले, आणि शरीर, बुद्धी व शील यांच्या शिक्षणाचे साधन म्हणून ती नव्याने मांडली. १९१०मध्ये शांघायात जिंगवू संस्था निघाली आणि चिनी मुष्टिविद्या शाळा-कॉलेजांतल्या व्यायामाच्या रूपात शिकवली जाऊ लागली. ज्या विद्येचा रणांगणावरचा पगार बंद झाला, तिने शाळेत नोकरी धरली. आणि शाळेत शिरताना अंगावर तत्त्वज्ञानाचा स्वच्छ अंगरखा घालणे तिला भाग पडले. त्या अंगरख्याखाली देह मात्र खराच होता.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे हे काम ज्यांनी केले त्यांतली मोठी नावे मराठी आहेत, ही गोष्ट मराठी वाचकालाही आज सांगावी लागते, हे माझे खरे दुःख. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांचे आव्हान स्वीकारून ते वणीच्या सप्तशृंगीस जाऊन बसले आणि तेथे त्यांना प्रत्यक्ष मारुतीने ही विद्या शिकवली, अशी कथा आहे. मारुतीचा भाग श्रद्धाळूंसाठी सोडून देऊ. पण चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या खांबावरच्या मेहनतीचा निर्देश असताना बाळंभटांनी शून्यातून काही निर्माण केले असे नसून, एका लुप्तप्राय मेहनतीला त्यांनी शास्त्र आणि शिस्त दिली, हेच त्यांचे कर्तृत्व ठरते. आणि ते मुळीच कमी नाही. पेशवाई बुडाली, बाजीराव ब्रह्मावर्तास गेले, आणि त्यांच्या पदरच्या मंडळींबरोबर मल्लखांब गंगातीरी पोहोचला. राज्य गेल्यावर जे सामान बरोबर नेता येते त्यात हेही होते.

यापेक्षाही मला महत्त्वाचे वाटते ते बडोद्याचे एक घर. जुम्मादादांच्या आखाड्याची गादी चालवणारे राजरत्न माणिकराव हे कुस्ती, लाठी, मल्लखांब, फरीगदगा या साऱ्यांचे जाणकार तर होतेच, पण मोडलेली हाडे बसवण्यातही त्यांचा हात प्रसिद्ध होता; ज्याला माणसाचा सांधा निखळवता येतो त्यालाच तो बसवताही येतो, हा जुन्या तालमीचा नियम. त्यांच्याकडे १९०७ ते १९१०च्या सुमारास डभोईचा एक मराठी तरुण शिकत होता. त्याचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३चा, मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेला, डोक्यात देशभक्ती आणि अंगात तालमीची रग. पुढे नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे त्याने योगाभ्यास केला, स्वामी कुवलयानंद हे नाव घेतले, आणि १९२४मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. त्यांनी उड्डियान आणि नौली यांच्या वेळी पोटात नेमके काय होते हे पाहण्यासाठी क्ष-किरणांचे आणि दाबमापनाचे प्रयोग केले. नौलीच्या वेळी आतड्यात वातावरणापेक्षा कमी दाब निर्माण होतो असे त्यांना आढळले, आणि त्या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव देऊन ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हटले. क्ष-किरणाच्या पडद्यावर गुरुभक्तीची मोहोर उठवणारा हा माणूस मला आजच्या कोणत्याही योगगुरूपेक्षा अधिक आधुनिक आणि अधिक भारतीय वाटतो. त्याने पाच हजार वर्षांचा हवाला देऊन वाद मिटवला नाही, दाब मोजला.

ध्यानात घेण्याजोगे हे की, या एका माणसाच्या देहात तालीम आणि योग एकत्र नांदत होते. आज सी-स्कीममध्ये ज्या दोन जिन्यांवर दोन पाट्या लटकतात, त्या विद्या तेव्हा एकाच शिष्याने, एकामागून एक अशा दोन गुरूंकडून घेतल्या. आजच्या योगवर्गात घडणारी गोष्ट बारकाईने पाहिली तरी हे नाते उघड होते. वर्गाची सुरुवात सूर्यनमस्काराने होते. जुन्या हठग्रंथांत नमस्कारांची ही मालिका सापडत नाही. तिची चाल, तिची लय, तिची मोजणी ही तालमीतल्या दंडाशी जुळणारी आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार रूढ केले आणि १९३८मध्ये लंडनहून निघालेल्या इंग्रजी पुस्तकाद्वारे ते परदेशी पोहोचवले, तेव्हा ते त्यांनी मुख्यतः व्यायाम म्हणूनच सांगितले. जयपूरची जी गृहिणी आज सकाळी बारा नमस्कार घालते, ती नकळत साताऱ्याकडच्या एका राजाची आणि त्याच्यामागच्या असंख्य अनामिक पहिलवानांची विद्यार्थिनी असते. तिला पतंजलीचे नाव सांगितले जाते. पंतप्रतिनिधींचे सांगितले जात नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो माझ्या परिचयाच्या एका कराटेशिक्षकाने मजजवळ घेतलाही: “अहो, मुलाला गोष्ट लागते. बोधिधर्म नसला तर मी त्याला काय सांगू, हत्यारांचा कायदा?” आक्षेप सरळ आहे आणि त्यात तथ्यही आहे. आख्यायिकेवाचून परंपरा चालत नाही. मारुतीरायाला वगळून महाराष्ट्रात एकही तालीम उभी राहिली नसती. परंतु मारुती हे दैवत आहे, ते वंशावळीचा दाखला म्हणून कचेरीत हजर केले जात नाही. बोधिधर्माची कथा मात्र हल्ली दाखला म्हणून हजर केली जाते: शेजारच्या देशांनी जे काही श्रमाने घडवले ते आमच्याच उष्ट्यावर, असे सिद्ध करण्यासाठी. तिचा दुसरा तोटा याहून घरगुती आहे. जी विद्या एका परिपूर्ण महापुरुषाने एकदाच दिली, तिच्यात सुधारणा करण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. उलट जी विद्या बाळंभटांनी सावरली, माणिकरावांनी शिस्तीत बसवली, कुवलयानंदांनी यंत्राखाली धरली, तिच्यात पुढचे पाऊल टाकण्याची छाती उद्याच्या शिक्षकालाही होते. कानोने ज्यूदोतून घातक डाव काढून टाकले ते याच छातीने. गुडघे दुखत असलेल्या साठीच्या माणसाला पद्मासन घालायला लावणारा, आणि का म्हणून विचारल्यास ऋषींकडे बोट दाखवणारा शिक्षक मी पाहिला आहे. त्याला माणिकरावांचा हाडे बसवणारा हात कोणी दाखवला असता तर बरे झाले असते.

सरकारचाही यात थोडा वाटा आहे. २०१४मध्ये संयुक्त राष्ट्रांनी योगदिनाचा ठराव केला आणि २०१५पासून २१ जूनला तो सर्वत्र पाळला जातो, हे चांगलेच झाले; पण योग आयुष मंत्रालयाच्या दप्तरात गेला, आणि मल्लखांब, कलरीपयट्टू, गतका, थांग-ता ही क्रीडा खात्याच्या दप्तरात राहिली. २०२०च्या अखेरीस योगासनांना स्पर्धेचा खेळ म्हणून मान्यता मिळाली तेव्हा एकच विद्या एका दप्तरात औषध आणि दुसऱ्यात खेळ झाली. मल्लखांबाला खेलो इंडियाच्या स्पर्धांत स्थान मिळाले, दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराच्या श्रमांमुळे तो परदेशी गेला, २०१९मध्ये मुंबईत त्याची जागतिक स्पर्धाही भरली. तथापि पदकांच्या हिशेबात श्वास आणि चित्त यांचा रकाना नसतो, आणि योगशिक्षकाच्या परीक्षेत दंड, जोर, मल्लखांब यांचा रकाना नसतो. जयसिंगाने साधू आणि शस्त्र यांची ताटातूट निदान मुचलका लिहून घेऊन, कारण सांगून केली होती. आपण ती नुसत्या खातेवाटपाने करून बसलो.

करण्याजोगी गोष्ट फार मोठी नाही आणि तिला आयोगही नको. बडोद्याच्याच दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत सिद्ध केला. कुस्तीचे पेच, मल्लखांबाच्या उड्या, लाठी, पट्टा, आसने, मालीश, असे सगळे त्यात एकाच छपराखाली आहे, आणि ते मराठीत आहे. महाराष्ट्र शासनाने त्याची शुद्ध आवृत्ती सर्वांना मोफत वाचता येईल अशी संगणकावर आणावी, तिचा हिंदी अनुवाद करवून घ्यावा, आणि योगशिक्षकांच्या व क्रीडाशिक्षकांच्या अशा दोन्ही अभ्यासक्रमांना तो संदर्भग्रंथ म्हणून लावावा, अशी शिफारस राजस्थानसह सर्व राज्यांना करावी. तोवर सी-स्कीममधल्या ज्या शिक्षकाला आपल्या भिंतीवर भारतीय गुरूचीच तसबीर हवी असेल, त्याने ती खुशाल लावावी. मात्र ती माणिकरावांची असावी, आणि खाली जन्ममृत्यूची साले लिहावीत: १८७८ ते १९५४.